‘कालपर्यंत उघडत होतं!’ : ऑफिसमधला शेअर फोल्डर नव्या संगणकावर का अडतो

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. त्या आगेमागे अनेक छोट्या कचेऱ्यांनी जुने संगणक काढून विंडोज ११ चे नवे घेतले, आणि मग एक ठरलेला प्रसंग घडू लागला. नवं यंत्र सुरू होतं, इंटरनेट चालतं, ईमेल येते. पण कोपऱ्यातल्या जुन्या लिनक्स सर्व्हरवरचा फोल्डर उघडायला गेलं की पाटी झळकते: तुमच्या संस्थेचं सुरक्षा धोरण ओळख न पटवलेल्या पाहुण्यांना प्रवेश देत नाही. पाच माणसांच्या छापखान्याचं कसलं आलंय सुरक्षा धोरण! शेजारच्या टेबलावरच्या जुन्या संगणकावर तोच फोल्डर मजेत उघडत असतो, त्यामुळे खापर नव्या यंत्रावर फुटतं.

इंटरनेटवर शोधलं की पहिला उपाय सापडतो तो नव्या विंडोजमधला हा नवा नियम बंद करण्याचा. पाटी जाते, फोल्डर उघडतो, सगळे खूश. पण दोष नव्या यंत्रात नव्हताच. कुलूप जुन्या सर्व्हरला नव्हतं, आणि नव्या यंत्राने ते पहिल्यांदा बोलून दाखवलं. दुरुस्ती सर्व्हरवर करायची असते, आणि ती अर्ध्या दिवसाची आहे. त्यासाठी आधी हे सगळं चालतं कसं ते पाहू.

## फोल्डर ‘शेअर’ होतो म्हणजे काय होतं?

समजा एका छापखान्यात हिशेबाच्या टेबलावर विंडोज आहे, डिझाइनवाल्याकडे मॅक आहे, मालकांच्या मुलाच्या लॅपटॉपवर उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, आहे. तिघांच्या डिस्कवर फाइली रचून ठेवण्याची पद्धत वेगळी. तरी तिघांना एकच फोल्डर उघडता येतो, कारण त्यांच्यापैकी कुणीही सर्व्हरच्या डिस्कला थेट हात लावत नाही.

जुन्या गोदामासारखं हे आहे. आत जाऊन माल कुणी उचलत नाही. काउंटरवर कारकून बसलेला असतो, त्याच्याकडे चिठ्ठी द्यायची: अमुक फाइल वाचायला द्या, ही जपून ठेवा, मी हिच्यावर काम करतोय तोवर दुसऱ्याला बदलू देऊ नका. आत मांडणी कशी आहे हे कारकून जाणे. सगळ्यांना फक्त चिठ्ठीची भाषा एक लागते. त्या भाषेचं नाव एसएमबी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी ती घडवली, पुढे मायक्रोसॉफ्टने ती विंडोजमध्ये वाढवली.

लिनक्सच्या बाजूचा कारकून म्हणजे सांबा. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने १९९१ च्या अखेरीस तो लिहायला घेतला, तोही एसएमबीची कागदपत्रं हाताशी नसताना, तारेवरून जाणारे संदेश न्याहाळून. आधीचं नाव दुसऱ्या एका कंपनीचं निघालं, म्हणून त्यांनी शब्दकोशाच्या फाइलमध्ये एस, एम, बी ही अक्षरं त्याच क्रमाने असलेले शब्द शोधले. त्यात ‘सांबा’ सापडलं. दुकानात मिळणारे सिनॉलॉजी, क्यूनॅपचे फाइली साठवायचे तयार डबेही आतून सांबाच चालवतात, त्यामुळे पुढचं बरंचसं त्यांनाही लागू आहे.

## पाटी नक्की कशामुळे येते?

एसएमबीच्या पिढ्या आहेत. पहिली अगदी जुनी. दुसरी २००६ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर आली, तिसरी २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर. पहिल्या पिढीची शोभा १२ मे २०१७ रोजी जगासमोर झाली. विंडोजच्या एसएमबी १ मधल्या भगदाडातून वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप उड्या मारत गेला. भगदाड बुजवणारी दुरुस्ती दोन महिने आधीच निघाली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्ये एसएमबी १ मुळात बसवलेली येत नाही, आणि सांबानेही २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून ती बंद ठेवली.

२०२४ च्या अखेरीस आलेल्या विंडोज ११ च्या ‘२४एच२’ आवृत्तीने आणखी दोन गोष्टी केल्या, प्रो आवृत्तीत तरी नक्की. एक, प्रत्येक संदेशावर सही हवी, म्हणजे वाटेत कुणी चिठ्ठी बदलली तर कळेल. दोन, पाहुणा म्हणून, म्हणजे पासवर्डाशिवाय, आत जाणं बंद. दोन्हींचा धागा एकच. सही करायला किल्ली लागते आणि ती किल्ली पासवर्डाच्या ओळखीतून तयार होते. पाहुण्याला पासवर्डच नाही, तर सही कशाने करणार?

आता गंमत बघा. उबुंटू आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर सांबा बसवलं की त्याच्या मांडणीच्या तयार फाइलमध्ये ‘मॅप टू गेस्ट’ या ओळीपुढे ‘बॅड यूझर’ लिहिलेलं असतं. अर्थ असा, की सर्व्हरला माहीत नसलेलं नाव आलं तर त्याला हाकलू नका, पाहुणा म्हणून आत घ्या. विंडोज आपणहून त्या संगणकावरचं नाव पुढे करतं, सर्व्हर ते ओळखत नाही आणि गुपचूप पाहुण्याचा बिल्ला देतो. जुनं विंडोज तो घेऊन आत जायचं. नवं विंडोज बिल्ला पाहून परत फिरतं आणि पाटी दाखवतं. पासवर्ड विचारण्याची वेळच येत नाही. इतकी वर्षं ‘पासवर्ड न लावता छान चालतंय’ असं वाटत होतं ते या एका ओळीमुळे.

## तीन प्रश्न, याच क्रमाने

शेअरची कुठलीही तक्रार तीनपैकी एका प्रश्नाची असते. सर्व्हर सापडतोय का? तुम्ही कोण हे त्याला पटलंय का? पटलं असेल तर या फोल्डरात तुम्हाला काय करायची मुभा आहे? लोक परवानग्या बदलत बसतात आणि सर्व्हरपर्यंत तार पोचलेलीच नसते. किंवा तार बदलतात आणि घोटाळा पासवर्डाचा असतो.

## पहिला प्रश्न: सापडतोय का?

सर्व्हरचा पत्ता बदलता कामा नये. राउटरमध्ये त्या यंत्रासाठी पत्ता राखून ठेवा, समजा १९२.१६८.१.१०. ‘नेटवर्क’ खिडकीत नाव दिसत नाही म्हणून घाबरू नका. ती यादी पूर्वी एसएमबी १ च्या काळातल्या पद्धतीने भरायची. आता विंडोज डब्ल्यूएसडी नावाच्या वेगळ्या हाकेला ओ देतं आणि मॅक बोंजूरला. सर्व्हरवर पहिलीसाठी डब्ल्यूएसडीडी आणि दुसरीसाठी अवाही हे छोटे प्रोग्राम बसवले की नाव दिसू लागतं. पण दिसणं आणि उघडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे पत्ता टाका. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबून एसएमबी, कोलन (दोन टिंबं), दोन तिरक्या रेघा आणि पत्ता. असं उघडलं, तर पहिला प्रश्न सुटला.

नाही उघडलं तर आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे दोन राउटर. फायबरवाल्याने दिलेला एक, आणि ‘रेंज येत नाही’ म्हणून बाजारातून आणलेला दुसरा. दुसरा आपलं वेगळं जाळं तयार करतो. काही यंत्रांचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होतो, काहींचा १९२.१६८.० ने, आणि एका बाजूच्या यंत्रांना दुसरी बाजू दिसत नाही. दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ प्रकारात टाका. तशी सोय नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्याच्या मालिकेतला पण कुणाला न दिलेला ठेवा, त्याचं पत्ते वाटण्याचं काम बंद करा आणि तार त्याच्या ‘वॅन’ भोकातून काढून ‘लॅन’ भोकात घाला. दुसरं कारण, लॅपटॉप पाहुण्यांच्या वायफायवर असणं. तिथे यंत्रं एकमेकांपासून मुद्दाम तोडलेली असतात. तिसरं, सर्व्हरची फायरवॉल. तिच्यात ४४५ क्रमांकाचं दार उघडं हवं, आणि तेही फक्त आतल्या जाळ्यासाठी.

तारेबद्दल एक सांगितलंच पाहिजे. गिगाबिट जाळ्यावर मोठी फाइल सेकंदाला साधारण ११० मेगाबाइट वेगाने जाते. १० जीबीचं पुस्तक दीड मिनिटात. त्यासाठी तारेतल्या चारही जोड्या धड लागतात. एक जोडी सैल असली तर अनेकदा जोडणी तुटत नाही, मुकाट्याने शंभर मेगाबिटवर उतरते, आणि त्याच फाइलला चौदा-पंधरा मिनिटं लागतात. ‘सर्व्हर स्लो आहे’ या तक्रारीत प्रोसेसर दोषी असल्याचं क्वचित निघतं. चार जीबी मेमरीचा जुना डेस्कटॉप दहा माणसांना फाइली वाटायला पुरतो.

## दुसरा प्रश्न: तुम्ही कोण?

सांबाची सगळी मांडणी एसएमबी डॉट कॉन्फ या एका साध्या मजकूर फाइलमध्ये असते. ती ‘ईटीसी’खालच्या ‘सांबा’ फोल्डरात सापडते. या लेखातले तिच्यातले शब्द उच्चाराने दिले आहेत, प्रत्यक्षात ते रोमन लिपीतच लिहायचे. वरच्या ‘ग्लोबल’ भागात दोन बदल करा. ‘मॅप टू गेस्ट’पुढे ‘नेव्हर’. ‘सर्व्हर मिन प्रोटोकॉल’पुढे एसएमबी ३, विंडोज ७ चा एखादा संगणक उरलाच असेल तर नाइलाजाने एसएमबी २.

मग माणसं. इथे नवखे हमखास अडखळतात, कारण प्रत्येकाची नोंद दोनदा करावी लागते: एकदा लिनक्समध्ये आणि एकदा ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ या आज्ञेने सांबामध्ये; नवीन माणूस असेल तेव्हा तिला ‘उणे ए’ जोडायचं. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? लिनक्स पासवर्ड ठेवतच नाही, त्याचा एका पद्धतीने केलेला भुगा ठेवतं. विंडोजला ओळख पटवायला वेगळ्या पद्धतीचा भुगा लागतो. भुग्यापासून पुन्हा लाकूड होत नाही, म्हणून एकाचा दुसरा करता येत नाही आणि दोन वह्या ठेवाव्या लागतात. त्यामुळे लिनक्सचा पासवर्ड बदलला म्हणून सांबाचा बदलत नाही, हेही ओघाने आलं. फक्त फाइलींसाठी येणाऱ्या माणसाला सर्व्हरवर लॉगिनची मुभा देऊ नका. खातं असू द्या, शेल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, नको.

विंडोजवर लोक मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत शिरलेले असतात, म्हणून ते नाव म्हणून ईमेल पुढे करतं. पासवर्डाच्या चौकटीत सर्व्हरचं नाव, उलटी तिरकी रेघ आणि सांबातलं नाव असं पूर्ण लिहा, आणि ‘लक्षात ठेवा’वर खूण करा. शिवाय विंडोज एका सर्व्हरशी एका वेळी एकाच नावाने बोलतं. सकाळी मालकांच्या नावाने एक फोल्डर उघडला आणि दुपारी त्याच यंत्रावरून हिशेबनिसाच्या नावाने दुसरा उघडू पाहिलात, तर १२१९ क्रमांकाची चूक येते. ‘नेट यूझ’ आज्ञेने आधीच्या जोडण्या मोडा, विंडोज पासवर्ड साठवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंद काढा, मग पुन्हा या.

## तिसरा प्रश्न: काय करायची मुभा?

इथे दारं दोन आहेत. बाहेरचं सांबाचं, आतलं लिनक्सच्या डिस्कचं. दोन्ही उघडी असतील तरच हात आत जातो. सांबाच्या फाइलमध्ये ‘लिहायला परवानगी’ दिली, पण डिस्कवर फोल्डर दुसऱ्याच्याच मालकीचा आहे, तर फाइल दिसेल पण जपता येणार नाही.

टिकाऊ पद्धत अशी. लिनक्सवर एक गट करा, त्यात माणसं घाला. फोल्डर ‘एसआरव्ही’खाली ठेवा. त्याची गट-मालकी त्या गटाला द्या आणि परवानगी २७७०. शेवटचं शून्य म्हणजे बाहेरच्यांना काही नाही, मधले दोन सात म्हणजे मालकाला आणि गटाला सगळं, आणि पहिला दोन हा खरा कामाचा: आत तयार होणारी प्रत्येक नवी फाइल निर्माण करणाऱ्याच्या गटात न जाता फोल्डरच्या गटात जाते. तो नसेल तर आज सगळं चालतं आणि आठवड्याने तक्रार येते, ‘तिने केलेली फाइल मला बदलता येत नाही.’ मग सांबाच्या फाइलमध्ये त्या शेअरच्या नावाखाली ‘व्हॅलिड यूझर्स’पुढे गटाचं नाव, आधी ॲट चिन्ह लावून, ‘रीड ओन्ली’पुढे नो, ‘क्रिएट मास्क’ ०६६० आणि ‘डिरेक्टरी मास्क’ २७७०. बदल केल्यावर ‘टेस्टपार्म’ चालवा. स्पेलिंग चुकलेली ओळ सांबा गाळून पुढे जातो. ती कुठली ते हा प्रोग्राम सांगतो.

फोल्डर स्वतःच्या ‘होम’मध्ये ठेवण्याचा मोह आवरा. उबुंटूच्या २१.०४ पासून होमचं दार इतरांना बंद असतं. आतल्या फोल्डरला कितीही सवलती द्या, वाटेतलाच दरवाजा बंद. बाहेरून जोडलेली यूएसबी डिस्कही अशीच फसवते, कारण डेस्कटॉपवरून आपोआप जोडली गेली की ती त्या वेळी लॉगिन असलेल्या माणसाचीच होते. फेडोरासारख्या लिनक्समध्ये एसईलिनक्स नावाचा तिसरा पहारेकरी असतो. तिथे फोल्डरवर ‘सांबा शेअर’चं लेबल लावेपर्यंत बाकी सगळं बरोबर असूनही नकारच मिळतो.

## मॅकवाल्यांसाठी

ॲपलने २०१३ पासून आपली जुनी पद्धत मागे ठेवून एसएमबीच मुख्य केली आहे, पण मॅक प्रत्येक फाइलबरोबर आणखी काही माहिती बाळगतो. ती ठेवायला जागा दिली नाही तर तो टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या पिल्लू-फाइली टाकत जातो, आणि हिशेबाच्या टेबलावरून विचारणा होते की हा कचरा कुणाचा. ‘ग्लोबल’ भागातल्या ‘व्हीएफएस ऑब्जेक्ट्स’ या ओळीत कॅटिया, फ्रूट आणि स्ट्रीम्स_एक्सॅटर हे तीन तुकडे याच क्रमाने लिहा.

सापळा पुढे आहे. चुकून पुसलेल्या फाइली कचरापेटीत जाव्यात म्हणून ‘रीसायकल’ हा तुकडा एखाद्या शेअरखाली लावला, तर तिथली ओळ वरच्या ओळीत भर घालत नाही, तिला पुसून टाकते. कचरापेटी मिळते आणि मॅकची सोय जाते. शेअरखाली चारही नावं पुन्हा लिहा.

## मराठी नावांच्या फाइली

लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ डिस्कवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, हलंत हे सगळे वेगळे मोजतात. ‘कर्मचाऱ्यांची’ या एका शब्दात तेरा चिन्हं आहेत, म्हणजे ३९ बाइट. एकूण ८५ चिन्हांत नाव संपवावं लागतं. विंडोजवर मोजणी वेगळी असल्याने ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे…’ करत लांबलेलं नाव स्वतःच्या डिस्कवर नीट राहतं आणि सर्व्हरवर टाकताना अडतं. परवानगी तपासून उपयोग नाही. नाव छोटं करा.

दुसरी अडचण त्याच शब्दातल्या ‘ऱ्या’ची. हे जोडाक्षर ‘ऱ’ या एका चिन्हाने टंकता येतं, ‘र’ आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही येतं, आणि काही कळफलक ते र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरून काढतात. डोळ्यांना तिन्ही सारखीच, सर्व्हरला तीन वेगळी नावं. म्हणून एकाच फोल्डरात ‘कर्मचाऱ्यांची यादी’ दोनदा दिसते, किंवा शोधून सापडत नाही. सगळ्यांनी एकच कळफलक वापरणं हा खरा इलाज. तोवर सामायिक फोल्डरांची नावं ऱ टाळून ठेवा, आणि मॅकवर चालणारी पण विंडोजला न चालणारी चिन्हं, उदाहरणार्थ प्रश्नचिन्ह, नावात नकोत.

## आता प्रिंटर, म्हणजे खरी डोकेदुखी

फाइल कुठल्याही यंत्रावर तीच असते. छपाईत मात्र मधे दुभाष्या लागतो: संगणकावरचं पान प्रिंटरच्या भाषेत आणणारा ड्रायव्हर. सामायिक छपाईचा सगळा घोळ एकाच गोष्टीचा आहे, हा दुभाष्या कुठे बसवायचा?

जुनी पद्धत अशी की सांबाने विंडोजचे ड्रायव्हर जपून ठेवावेत आणि जोडणी करणाऱ्या प्रत्येक विंडोजला आपोआप द्यावेत. सोयीची होती, पण २०२१ च्या जून-जुलैमध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचं भगदाड उघडं पडलं. सर्व्हरकडून आलेला ड्रायव्हर यंत्रावर पूर्ण अधिकाराने चालतो, मग ड्रायव्हरच्या वेषात काहीही पाठवता येतं! त्यानंतरच्या दुरुस्त्यांनी असा ड्रायव्हर बसवायला प्रशासकाचा पासवर्ड लागू लागला. त्याच सुमारास अनेक ठिकाणी सामायिक प्रिंटर ‘११बी’ असा चूक-क्रमांक दाखवून बंद पडले. त्यावर रजिस्ट्रीत बदल करून दुरुस्तीच निष्प्रभ करण्याचा सल्ला अजून फिरतो. तो करू नका. २०२३ मध्ये तर मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की छपाई-कंपन्यांचे वेगळे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून टप्प्याटप्प्याने बंद होणार.

त्यांची जागा आयपीपी ही छपाईची ठरलेली भाषा घेते. यात प्रिंटर स्वतः सांगतो की मला कुठला कागद, कुठला रंग, दोन्ही बाजू जमतात की नाही, आणि सगळ्यांना समजेल अशा ठरलेल्या रूपात पान घेतो. ॲपलचं २०१० मधलं एअरप्रिंट याच पायावर उभं आहे. म्हणून आधी प्रिंटरच्या मागे बघा. त्याला नेटवर्कचं भोक किंवा वायफाय असेल आणि खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया लिहिलेलं असेल, तर सर्व्हरला मधे घालूच नका. प्रिंटरला राउटरमधून पक्का पत्ता द्या आणि प्रत्येक यंत्राला थेट जोडा. छपाईचा सर्व्हर हा तोडगा आहे, दागिना नव्हे.

सर्व्हर लागतो तो फक्त यूएसबीच्या प्रिंटरला. लिनक्सवर ते काम कप्स करतो. १९९९ मध्ये मायकल स्वीट यांनी तो आणला आणि मॅकमध्येही छपाईला तोच आहे. कप्स मुळात फक्त स्वतःच्या यंत्राचं ऐकतो. ‘शेअर प्रिंटर्स’ चालू करा, फायरवॉलमध्ये आतल्या जाळ्यासाठी ६३१ हे दार उघडा. मॅक आणि लिनक्सला प्रिंटर अवाहीमुळे आपोआप दिसतो. विंडोजवर प्रिंटर हाताने जोडताना पत्ता म्हणून एचटीटीपी, सर्व्हरचा पत्ता, ६३१, ‘प्रिंटर्स’ आणि रांगेचं, म्हणजे कप्समधल्या त्या प्रिंटरचं, नाव द्या आणि ड्रायव्हर म्हणून मायक्रोसॉफ्टचा आयपीपी क्लास ड्रायव्हर निवडा. पत्त्याऐवजी सर्व्हरचं एखादं टोपणनाव वापरलंत आणि ‘बॅड रिक्वेस्ट’ आलं, तर कप्सला ते नाव माहीत नाही. त्याच्या मांडणीत ‘सर्व्हर एलियस’पुढे ते लिहा. ‘कप्स-ब्राउझ्ड’ हा जोडीदार प्रोग्राम सर्व्हरवर बंद ठेवा. तो दुसऱ्यांचे प्रिंटर शोधतो, इथे त्याची गरज नाही, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्यातूनच बाहेरच्याला आत शिरता येत असल्याचं उघड झालं होतं.

आपल्या टेबलांवरच्या दोन जुन्या दोस्तांविषयी. एचपी लेझरजेट १०२० विजेचं बटण दाबल्यावर दरवेळी संगणकाकडून स्वतःचा प्रोग्राम मागून घेतो. लिनक्सवर एचपीच्या पॅकेजमधला प्लगइन बसवला नाही तर दिवा लागतो आणि कागद हलत नाही. कॅनन एलबीपी २९०० कॅप्ट नावाच्या खाजगी भाषेत बोलतो, आणि कॅननचा लिनक्स ड्रायव्हर इंटेल-एएमडीच्या यंत्रांपुरताच आहे, म्हणजे रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर तो चालणार नाही. एलबीपी २९०० असेल तर त्याला विंडोजच्या यंत्रालाच लावलेला राहू द्या. दोन दिवस झगडण्याइतकं त्यात काही नाही.

पानं अर्धवट येतात किंवा प्रिंटर कागद असूनही कागद मागतो, तेव्हा आधी कागदाचं माप पाहा. अमेरिकी ‘लेटर’ २१६ बाय २७९ मिलिमीटर आहे, आपला ए४ २१० बाय २९७. सर्व्हरची भाषा अमेरिकी इंग्रजी ठेवली की माप लेटर होऊन बसतं, मग रांगेत आणि प्रत्येक यंत्रावर ते बदलावं लागतं.

## ‘स्कॅनर बंद पडला, त्याचं काय?’

मोठ्या झेरॉक्स-स्कॅनर यंत्रांतून ‘फोल्डरमध्ये पाठवा’ केलेलं स्कॅन अडतं, कारण जुन्या यंत्रांना फक्त एसएमबी १ येते. त्या एका यंत्रासाठी सगळ्या कचेरीचं दार पुन्हा उघडू नका. त्याचं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतला प्रोग्राम, अद्ययावत होतं का पाहा. नसेल तर स्कॅन ईमेलने पाठवा, किंवा सर्व्हरवर त्याच्यापुरतं एफटीपी खातं काढा, ज्याला एका ‘स्कॅन’ फोल्डरापलीकडे काही दिसणार नाही.

## ‘त्यापेक्षा गुगल ड्राइव्ह काय वाईट?’

पत्रं आणि तक्ते असतील तर काहीच वाईट नाही. पण छापखान्याच्या दोन-दोन जीबीच्या फाइली दिवसातून दहा वेळा वरखाली करायच्या तर आतली तारच बरी. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा तर ड्राइव्हच्या फोल्डरात ठेवूच नये: दोन यंत्रांनी एकाच वेळी बदल केले की ड्राइव्ह दोन प्रती करतो आणि हिशेब दुभंगतो. सांबाचा कारकून कुलूप सांभाळतो. तरी हिशेबाचं यंत्र वायफायवर नको, तारेवर हवं. लिहिता लिहिता जोडणी तुटली तर अर्धवट नोंद राहते.

विंडोजच्याच एका संगणकावर फोल्डर शेअर केला तर? चालेल, पण साध्या विंडोजला एका वेळी वीसच जोडण्यांची मुभा आहे, आणि ते यंत्र कुणीतरी संध्याकाळी बंद करून जातं.

घरून फाइल हवी असते, म्हणून राउटरमध्ये ४४५ चं दार बाहेरच्या जगाला उघडणारे भेटतात. हे कधीच नको. वायरगार्डसारखी व्हीपीएन लावा. मग घरचा लॅपटॉप जणू कचेरीतच बसलेला असतो आणि वरचे तिन्ही प्रश्न जसेच्या तसे लागू होतात.

## वीज, विषाणू आणि प्रत

दोन डिस्क आरशासारख्या जोडल्या म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. आरसा चूकही तितक्याच इमानाने दाखवतो: इकडे पुसलं की तिकडेही पुसलं. खंडणीखोर प्रोग्राम विंडोजवर शिरला तर त्या माणसाला जिथे लिहिता येतं ते सगळे शेअर तो कुलूपबंद करतो, म्हणून सगळ्यांना सगळीकडे लिहायची मुभा देऊ नये. झालेल्या कामांच्या फाइली वेगळ्या शेअरमध्ये हलवा आणि तिथे ‘रीड ओन्ली’ला येस ठेवा.

बॅकअपची डिस्क शेअर करू नका. सर्व्हरने स्वतः रात्री तिच्यावर प्रत काढावी. अशा दोन डिस्क ठेवून आठवड्याला अदलाबदल करा, एक कायम कचेरीबाहेर. यूपीएस घेताना यूएसबीची तार देणारा घ्या. ती सर्व्हरला जोडून नट हा प्रोग्राम लावला की बॅटरी उतरत आल्यावर सर्व्हर आपणहून नीट बंद होतो. राउटर आणि स्विचही त्याच यूपीएसवर हवेत. सर्व्हर चालू आणि स्विच बंद असेल तर हिशेबाच्या टेबलावरची उघडी फाइल तशीही जातेच.